फोनवर आवाज स्वच्छ येतो, मग पावसाळ्यात ब्रॉडबँड का तुटते?

गुहागरहून आपण विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर तांब्याच्या तारेतच आहे. बोलण्याला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुरतो; एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारे तंत्र) मात्र त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्‌झपासून १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या वारंवारता वापरते, आणि या उच्च वारंवारता लांब तारेत व ओल्या, गंजलेल्या सांध्यांत फार लवकर क्षीण होतात. टेलिफोन एक्सचेंजपासून पाचेक किलोमीटरच्या पुढे जोडणी टिकणे मुळातच अवघड, त्यात आपल्याकडची खारी हवा. गेल्या आषाढात आमच्या पडवीतल्या जोडपेटीचे झाकण उघडले, तेव्हा स्क्रूवर हिरवा थर चढलेला होता आणि आत मुंग्यांनी माती भरली होती. तार सोलून नव्याने घट्ट बसवल्यावर मोडेमचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला.

आपण ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलला किती राखीव जोर उरला आहे, ते) पाहावे. ते ६ डेसिबलच्या खाली असेल, तर जोडणी डळमळीत राहण्याचीच शक्यता अधिक. मग मोडेम बाहेरून येणाऱ्या तारेला थेट लावून पाहावा. फरक पडला तर दोष घरातल्या वायरिंगचा. न पडल्यास खांबावरचा सांधा तपासण्याची लेखी तक्रार करावी, आणि ‘फोन तर चालू आहे’ एवढ्या कारणावर ती बंद होऊ देऊ नये.