मशीन बसवलं, मग पोर बोलत का नाही?

"मॅडम, मशीन बिघडलं असंल का हो? ऑपरेशनला चार महिने झाले, अजून एक शब्द नाही तोंडातनं."

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशननं बसवलेलं मशीन, झालेल्या बाळांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. ही आई सांगली जिल्ह्यातली. मुलगी, तिला परी म्हणू, सव्वादोन वर्षांची. बेरा तपासणीत (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात, हे बघणारी तपासणी) दोन्ही कान गेल्याचं कळलं तेव्हा ती वर्षाची होती. आधी काही महिने साधं श्रवणयंत्र लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ऑपरेशन. तीन आठवड्यांनी स्विच-ऑन झालं, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा परी दचकून रडली आणि तो व्हिडिओ सगळ्या भावकीत फिरला. घोळ तिथंच होतो. बटण दाबलं की कान सुरू, असं वाटतं.

मी विचारलं, "तीन महिन्यांचं बाळ बोलतं का?"

"नाही."

"परीचे कान तीन महिन्यांचेच आहेत."

कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, चुंबकानं डोक्याला चिकटलेली कॉइल तो कातडीखालच्या भागाला देते आणि तिथून कानातल्या शंखात बसवलेली इलेक्ट्रोडची तार नसेला विजेचे बारीक ठोके देते. त्या ठोक्यांतून कुकरची शिट्टी कुठली आणि आईची हाक कुठली, हे मेंदूला नव्यानं शिकावं लागतं. आधी ऐकणं साठतं, बोलणं मागाहून.

एवढं सांगून मी त्यांना घरी पाठवलं असतं तर फसले असते. ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे श्रवणतज्ज्ञानं, प्रोसेसर कॉम्प्युटरला जोडला. वापराची नोंद त्यातच असते. दिवसाला सरासरी साडेतीन तास! आई तर म्हणाली होती, दिवसभर घालतो.

कोपऱ्यात बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "म्याच काढून ठेवते. पोरगी वढती. तुटलं तर वायर कुठनं आणायची? आन् पावनं आलं की समदी डोक्याकडंच बघत्यात."

यात रागावण्यासारखं काय आहे? वायर, बॅटरीचा खर्च घराला सोसावा लागतोच. पाहुण्यांच्या नजरेचं औषध माझ्याकडेही नाही. वायरीसाठी मात्र साधा उपाय होता. प्रोसेसरला दोरी आणि दोरीचा चिमटा फ्रॉकच्या मागच्या बाजूला. परीनं कॉइल ओढली तरी ती पाठीवर लोंबते, जमिनीवर आपटत नाही.

उरलेलं काम मी मुद्दाम आजींनाच दिलं. सकाळी मशीन घातलं की परीच्या शेजारी बसायचं, तोंड दिसू द्यायचं नाही आणि एकेक आवाज काढायचा: आ, ई, ऊ, म, श, स. आवाज आला की परीनं वाटीत बांगडी टाकायची. सुरुवातीला आईनं हात धरून टाकायला लावायची. मशीन नीट चालतंय का, हेही त्यात रोज कळतं. बाकी दिवसभर भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना बोलत राहायचं. हे आजींना शिकवावं लागलं नाही.

दोन महिन्यांनी नोंद नऊ तासांवर गेली होती. शब्द अजून नव्हता. पण या खेपेला आजींची तक्रार वेगळी होती: "रातीला मशीन काढाय गेलं की भांडती ओ माझ्याशी."