जुन्या फोनचा सर्व्हर करा, पण सुतापासून लांब

प्रश्न : ताई, आमचा अशोक चौकाजवळ चादरींचा छोटा कारखाना आहे. वडील जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइनं ग्राफच्या कागदावर हाताने काढायचे. ते गेल्यावर मी अकराशे कागदांचे फोटो काढले. धाकटा भाऊ भिवंडीत असतो, त्यालाही ते हवे तेव्हा बघता यावेत. घरात काच तडकलेला एक जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. त्याचा सर्व्हर करून (म्हणजे फोटो त्यात ठेवून दुसरीकडून कधीही उघडता येतील असा) कारखान्यात सुताच्या रॅकवर कायमचा चार्जरला लावून ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, सर्व्हर नक्की होईल. पण सुताच्या रॅकवर नको आणि कायमचा चार्जरला तर मुळीच नको.

माझ्याकडे असाच एक फोन आहे. सासूबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग त्यात आहेत. पहिल्या वर्षी तो मी पत्र्याच्या खोलीत कपाटावर, चोवीस तास चार्जरला लावून ठेवला होता. मे महिन्यात एकदा पुसायला खाली घेतला, टेबलावर ठेवला, तर डुलायला लागला. मागचं झाकण मधोमध फुगून कडेने उचकटलं होतं, फटीतून बॅटरीचं चंदेरी पाकीट दिसत होतं. तो तसाच हातात धरून मी उभी राहिले होते, ते अजून आठवतं. तुमच्याकडे त्या जागी सूत आहे आणि हवेत कापसाची तूस. म्हणून हे आधी सांगते आहे.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : सतत शंभर टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन्ही एकदम होतात. बाहेर पारा ४२-४३ वर असतो आणि साधारण ४५ अंशांच्या पुढे तापलेली बॅटरी चार्ज करणं धोक्याचंच. तेव्हा फोन घरात ठेवा, खालच्या मजल्यावर, फरशीवर किंवा कडाप्प्यावर, पडदे-अंथरुणांपासून दूर. कव्हर काढून टाका. सॉकेटला लावायचा टायमर मिळतो, तो आणून चार्जिंग पहाटे ४ ते ६ एवढंच ठेवा; त्या वेळी हवाही गार असते. स्क्रीन बंद असलेला फोन अशा हलक्या कामावर बहुधा दिवस काढतो. आठवडाभर टक्केवारी बघत वेळ कमी-जास्त करा, ३० ते ८० मध्ये खेळती राहिली की झालं. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्येच ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर तीही चालू करा. झाकण जरा जरी उचललेलं दिसलं तर चार्जर काढा, फोन बंद करा. दाबू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आता सर्व्हर. टर्मक्स नावाचं ॲप आहे, त्यात फोनवरच लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कमांड चालतात. ते एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या दुकानातून घ्या आणि टर्मक्स-बूट (फोन सुरू होताच टर्मक्सची कामं चालू करणारं), टर्मक्स-एपीआय (फोनची माहिती टर्मक्सला देणारं) ही जोड-ॲपही तिथूनच घ्या. वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतली तर एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात ओपन-एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षितपणे आत यायची सोय) बसवा, पासवर्ड लांबलचक ठेवा. पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा क्रमांक, नेहमीचा २२ नसतो, ८०२२ असतो. इथे बरेच जण अडकतात. एपीआयमधली बॅटरी-स्टेटस ही कमांड टक्केवारीबरोबर तापमानही दाखवते. मी रोज दुपारी बघते, तुम्हीही बघा.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, न हलवता पडलेला फोन आपोआप झोपी जातो. म्हणून टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळा आणि त्याच्या नोटिफिकेशनमधला वेक-लॉक (फोनला झोपू न देणारी सोय) चालू करा. राऊटरमध्ये फोनला नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता कायमचा नेमून द्या.

लाइट गेली तरी फोन बॅटरीवर चालू राहतो. राऊटर मात्र बंद पडतो, मग भिवंडीत काय दिसणार? राऊटरसाठी छोटा यूपीएस घ्या. फोनचा खर्च नगण्य आहे : सरासरी ३ वॅट धरले तर वर्षाला २६ युनिटच्या आसपास.

भावासाठी राऊटरमध्ये पोर्ट उघडून देऊ नका. जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तो उघड्या इंटरनेटवर ठेवायचा नसतो. शिवाय अनेक घरगुती इंटरनेट जोडण्यांना बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. या फोनवर आणि भावाच्या फोनवर टेलस्केल (दोन यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाका, एकाच खात्याने आत जा. घरगुती वापराला फुकट आहे. मग भाऊ एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली बघायची पद्धत) चालणाऱ्या फाइल मॅनेजरमधून थेट फोटोंचा फोल्डर उघडेल.

आणि हा फोन फोटोंची एकमेव जागा करू नका. फोनची मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यातला मजकूर बहुतेक वेळा कूटबद्ध (त्या फोनशिवाय वाचता न येणारा) असतो. बोर्ड गेला तर दुरुस्तीवालाही फोटो काढून देऊ शकणार नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर करून भावाकडे भिवंडीला पाठवा. मूळ कागद सपाट, कोरड्या जागी ठेवा.

एक विचारायचं राहिलं. कागदांची मागची बाजू टिपली आहे का? डिझाइन काढणारे रंगांचा आणि धाग्यांचा हिशोब पुष्कळदा पाठीमागे पेन्सिलीने लिहितात, आणि पेन्सिल पुसट होत जाते. तसं काही असेल तर सर्व्हरचं नंतर बघू, आधी तेवढे फोटो काढून घ्या.