दोनदा ब्रश करूनही प्लाक का होतो, आणि स्केलिंगने दात हलतात का?

रोज दोनदा ब्रश करूनही प्लाक होतो, हिरड्यातून रक्त येतं आणि स्केलिंग (दातांवरचा कडक थर डेंटिस्टकडून काढून घेणं) केलं तर दात हलतील अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक गोष्ट, प्लाक म्हणजे अडकलेलं अन्न नाही. अन्न चूळ भरली की बरंचसं निघून जातं, हा बॅक्टेरियांचा चिकट थर असतो आणि तो नुसत्या पाण्याने हलत नाही. ब्रश केल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रोटीनचा पातळ पापुद्रा दातावर बसतो, त्याला आधी स्ट्रेप्टोकोकस जातीचे बॅक्टेरिया चिकटतात, मग त्यांच्यावर दुसरे, म्हणजे प्लाक कायमचा जात नाही, रोज मोडून काढावा लागतो.

साखर मिळाली की यातले काही बॅक्टेरिया ॲसिड बनवतात (आणि साखरेपासूनच थर घट्ट करणारा डिंकही). दाताजवळचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणातून, कॅल्शियम, फॉस्फेट निघायला लागतं. लाळ ते हळूहळू भरून काढते, फ्लोराइडची पेस्ट त्यात मदत करते, पण दर थोड्या वेळाने काहीतरी गोड तोंडात टाकत राहिलात तर लाळेला वेळच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे मी आधी विचारतो.

हिरड्यांचं प्रकरण वेगळं, तिथे साखरेपेक्षा हिरडीच्या कडेला साचलेला थर त्रास देतो. 1965 साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात 12 जणांनी दात घासणं बंद केलं, 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. त्यामुळे रक्त येतंय म्हणून ती जागा सोडून ब्रश करू नका, उलट तिथेच मऊ ब्रशने हलक्या हाताने, तिरपा धरून घासा. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचतच नाही, तिथे फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) किंवा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) लागतो, तुमचं बहुतेक इथेच अडतंय.

राहिलं स्केलिंग. प्लाक लाळेतल्या क्षारांनी कडक झाला की टार्टर, खालच्या पुढच्या दातांच्या आतून जास्त, आणि तो ब्रशने निघत नाही. खूप जुना टार्टर असेल तर आतलं हाड आधीच झिजलेलं असू शकतं, टार्टर काढला आणि सूज उतरली की फटी दिसतात, दात हलल्यासारखे वाटतात आणि नाव स्केलिंगचं खराब होतं. करून घ्या बिनधास्त. नीट साफ करूनही दोनेक आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली डेंटिस्टकडून मोजून घ्या.