मुदत संपली, मुलं घरातच, भाडं मात्र नाही

प्रश्न : नेरूळला माझा वन-बीएचके आहे. इंजिनीअरिंगच्या दोन मुलांना अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिला. महिना 24,000, डिपॉझिट 60,000. शेवटचे तीन महिने भाडं आलं नाही, मुदत संपूनही दोन महिने झाले. आता आत तिसराही राहतो. एकाचे वडील लातूरला असतात. फोनवर ‘मी भरतो’ म्हणतात, भरत नाहीत. कुलूप बदलून मुलांचे लॅपटॉप ठेवून घेऊ का?

उत्तर : कुलपाला हात लावू नका. मुदत संपली तरी ताबा मुलांकडेच आहे. लॅपटॉप अडकवलेत किंवा लाइट तोडलीत, तर पोलीस ठाण्यात तक्रारदार ती होतील आणि तुमची थकबाकी राहील बाजूला.

घर रिकामं करणं आणि पैसे वसूल करणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. इथे बरेच घरमालक गल्लत करतात. ताब्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 खाली कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी ताब्याची प्रकरणं ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करा. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत मुलांनी प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. लेखी करारातला मजकूर इथे निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भरपाई याच अर्जात मागा : महिना 48,000, म्हणजे आजवर 96,000. तिसऱ्या मुलाचं नावही घाला, नाहीतर ताबा घेताना तोच आडवा येईल.

मुदतीतले 72,000 मात्र दिवाणी न्यायालयात मागावे लागतील. करार लेखी आणि रक्कम ठरलेली, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा चालतो. प्रत्येक महिन्याचं भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं. ‘नवी मुंबई’ म्हणून पनवेलला जाऊ नका. ‘माझा अर्धा वाटा मी दिला’ हे उत्तर चालत नाही. करारात वेगळं लिहिलं नसेल तर सगळी रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागता येते. फक्त सही करताना दोघंही 18 वर्षांचे होते ना, हे जन्मतारखेच्या दाखल्यावर पाहून घ्या.

तरी खरी चावी लातूरला आहे. शिकणाऱ्या मुलाविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा निकाल, मिळवला तरी जप्त काय करणार? सज्ञान मुलाचं देणं वडिलांवर आपोआप येत नाही. तोंडी हमी कायद्याला चालते, पण ती सिद्ध करणं जिकिरीचं. म्हणून त्यांच्याकडून सहीचं पत्र घ्या : थकबाकी इतकी, हप्ते अमुक तारखांना, मुलाने न भरल्यास मी भरेन. त्या बदल्यात तुम्ही पैशांचा दावा चार आठवडे थांबवा. हमी कायद्याने टिकायला बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, तो मोबदला हाच. सोबत पुढच्या तारखांचे चेक मागा. एखादा न वटता परत आलाच, तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस गेलीच पाहिजे.

आजच्या आज एक काम करा. मुदतीनंतर यूपीआयवर ‘भाडे’ असा शेरा मारून पैसे आले असतील, तर लगेच मेसेज पाठवा : ‘रक्कम थकबाकीपोटी जमा केली आहे. मुदतवाढ दिलेली नाही.’ गप्प बसलात, तर करार पुढे चालू ठेवल्याचा बचाव तयार होतो. चॅट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं; स्क्रीनशॉटवर विसंबून मूळ मेसेज पुसू नका.

घर सोडण्याची आणि थकबाकीची नोटीस दोन्ही मुलांना, फ्लॅटच्या आणि करारातल्या गावच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पोच मागून पाठवा. तीत पूर्ण रक्कम मागा, डिपॉझिट आताच वळतं करू नका. कॉलेजला कळवून काही मिळणार नाही. ते करारात पक्षकार नाही. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला हुकूमनाम्याचंच बळ असतं आणि कोर्ट फी लागत नाही.

मुलं निघतील त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि चाव्या दिल्याच्या कागदावर तारीख, वेळ नि दोघांच्या सह्या घ्या. दुप्पट भरपाई त्याच तारखेला थांबते. मग वीजबिल, मोडतोड आणि थकबाकी यांचा लेखी हिशेब करून डिपॉझिट त्यात वळतं करा.