‘ताई, आता बरं वाटतंय, गोळ्या बंद केल्या तर चालेल का?’

तुमचा प्रश्न असा: ३४ वर्षांच्या एक बाई तुमच्याकडे येतात, चार महिन्यांपासून एस्सिटॅलोप्रॅम (नैराश्याची गोळी) आणि क्लोनाझेपॅम (चिंता-झोपेची गोळी) चालू आहे, आता बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू का असं विचारतात. तुम्ही एम. ए. मानसशास्त्र, डॉक्टर नाही. मग आपल्याला औषधांचं नेमकं किती कळायला हवं?

मीही डॉक्टर नाही. बावीस वर्षं समुपदेशन करते आहे, त्यातली पहिली सात-आठ वर्षं ‘औषध हा आपला प्रांत नाही’ असं म्हणून हात झटकत होते. ते किती महागात पडू शकतं ते आधी सांगते.

पन्नाशीचे एक गृहस्थ होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी उन्माद), कित्येक वर्षं लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर, अगदी स्थिर. जूनमध्ये मला म्हणाले, ‘मॅडम, यंदा वारीला जाऊ का? खूप वर्षांची इच्छा आहे.’ मी म्हटलं, ‘जा की! मन रमेल, चार माणसं भेटतील.’ दहा-बारा दिवसांनी तरडगावच्या मुक्कामावरून मुलाचा फोन. बाबांचे हात इतके थरथरतायत की चहाचा कप धरवत नाही, बोलणं जड झालंय, चालताना तोल जातोय. वारकरी मंडळींना वाटलं, उन्हानं थकले. मुलाला वाटलं, आजार उलटला. झालं होतं वेगळंच. दिवसभर चालून घाम, त्यात दोन दिवस जुलाब, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफिनॅक, सकाळ-संध्याकाळ. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही तेच होतं. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवं. १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भाषा सुरू होते. औषध आणि विष यांत एवढंच अंतर. ते वाचले, पण चार दिवस सलाईनवर काढले.

‘वारीला जा’ म्हणण्यात चूक नव्हती. ‘जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, पाणी किती, जुलाब लागले तर काय करायचं, गुडघे दुखले तर कोणती गोळी चालेल’ एवढं म्हणायला हवं होतं. त्यासाठी एमबीबीएस लागत नाही. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक उपास, मे महिन्यातली शेतातली कामं या सगळ्याला हाच प्रश्न लागू आहे. आणि या गोष्टी क्लायंट डॉक्टरांना सांगत नाहीत, आपल्याला सांगतात.

कारण साधं आहे. डॉक्टरांकडे महिन्यातून दहा मिनिटं, तीही बहुतेक वेळा नवरा, सासू, भाऊ असं अख्खं घर केबिनमध्ये उभं असताना. आपल्याकडे आठवड्याला पाऊण तास, दार बंद. कामेच्छा गेली हे सासूसमोर कोण सांगणार? पाळी तीन महिने आली नाही, छातीतून दुधासारखं येतं, हे सांगायला बाईला लाज वाटते (रिस्पेरिडोन या सिझोफ्रेनियाच्या औषधाने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढून असं होतं). मग त्या गुपचूप गोळी सोडतात आणि फाईलवर ‘आजार पुन्हा उलटला’ अशी नोंद होते. म्हणून माझ्या मते आपल्याला मात्रा पाठ असण्याची गरज नाही. कुठली गोळी कोणत्या वेषात समोर येते, हे ओळखता यायला हवं.

त्यात सगळ्यात फसवा वेष म्हणजे अकथिसिया. सिझोफ्रेनियाच्या औषधांनी, कधी नैराश्याच्या औषधांनीही, माणसाला एका जागी बसवत नाही. पाय हलतात, उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. आपण लिहितो ‘चिंता वाढली’ आणि श्वासाचे व्यायाम शिकवतो. मी एका मुलाला तीन सेशन शिकवले. तो बिचारा डोळे मिटून बसायचा प्रयत्न करायचा आणि त्याच्या चपला फरशीवर टकटक वाजत राहायच्या. आता मी सरळ विचारते: ‘ही अस्वस्थता मनात आहे की पायांत? गोळी बदलल्यावर सुरू झाली का?’ पायांत म्हणाला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मात्रा कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देऊन ते बऱ्याचदा आटोक्यात येतं, आणि न ओळखता राहिलं तर माणूस आत्महत्येपर्यंत जाऊ शकतो इतकं ते असह्य असतं. याच औषधांनी पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होऊन अडकणं, डोळे वर चढणं असंही होतं. घरचे ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून देवऋषीकडे नेतात. इस्पितळात एका इंजेक्शनने ते बहुधा काही मिनिटांत उतरतं.

दुसरा वेष आनंदाचा. नैराश्याचा क्लायंट तिसऱ्या आठवड्यात एकदम खुलतो. तीन तास झोप, तरी थकवा नाही, नवा धंदा काढायचाय, बोलणं थांबत नाही. आपल्याला वाटतं, आपली थेरपी लागू पडली! आत बायपोलर दडलेला असेल तर नैराश्याची गोळी माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते. झोपेची गरज कमी झालेली दिसली की मी पाठ थोपटून घेणं थांबवते आणि घरच्यांत कुणाला असा आजार होता का ते विचारते.

आता तुमच्या बाईंच्या दोन गोळ्या. त्यांचे स्वभाव एकदम वेगळे आहेत आणि सगळा घोटाळा इथेच होतो. एस्सिटॅलोप्रॅमचा फायदा दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. मळमळ, डोकेदुखी, धडधड मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणजे आधी त्रास, मग गुण. मधल्या पंधरा दिवसांत बरेच लोक सोडतात. पंचविशीच्या आतल्यांकडे त्या दिवसांत जास्त लक्ष ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल २००४ मध्ये वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा घालायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. पहिला महिना आपला फोन आठवड्याला एकदा तरी जायला हवा.

क्लोनाझेपॅमचं उलट. तिचा गुण त्याच रात्री, म्हणून ती लोकांना ‘खरी गोळी’ वाटते. ती बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या आधारासाठी दिलेली असते, पण आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवाल्याकडून तीच स्ट्रिप वर्षानुवर्षं येत राहते. ‘झोपेची अर्धी गोळी’ आठ वर्षं घेणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. हिची शरीराला खरोखर सवय लागते आणि ती एकदम तोडली तर झोप उडण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एस्सिटॅलोप्रॅमची ओढ लागत नाही, तरी अचानक थांबवली तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड असं होतं. नैराश्याच्या इतर गोळ्यांत पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनचं हे जास्त, फ्लूओक्सेटिनचं कमी, कारण ती शरीरातून फार सावकाश जाते. क्लायंट म्हणतो, ‘बघा, गोळीची सवयच लागली होती.’ किंवा म्हणतो, ‘बघा, आजार परत आला.’ तीन दिवसांत सुरू झालं तर बहुधा गोळी सुटल्याचा परिणाम. काही आठवडे ठीक जाऊन मग हळूहळू उतरायला लागलं तर आजार. हा फरक डॉक्टरांनाही आपल्या नोंदींवरूनच कळतो.

बाकीचं भरभर सांगते. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामॅझेपिनवर (दोन्ही मूड स्थिर ठेवणारी औषधं) अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर. क्लोझापिनवर (सिझोफ्रेनियाचं औषध) ताप आणि घसा दुखला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायला लावणं तातडीचं. सिझोफ्रेनियाच्या औषधांवर जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि गोंधळल्यासारखं बोलणं एकत्र दिसलं तर थेट मोठं इस्पितळ, सकाळची वाट बघायची नाही. व्हॅल्प्रोएट (बायपोलरचं औषध) घेणारी मुलगी ‘आम्ही आता चान्स घेतोय’ म्हणाली तर त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे पाठवा: गरोदरपणात हे औषध चालू राहिलं तर १० पैकी साधारण एका बाळात जन्मजात व्यंग असतं. पण तिने घाबरून स्वतःच बंद करणंही धोक्याचं. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही सिझोफ्रेनियाची औषधं घेणाऱ्याने बिडी-सिगारेट अचानक सोडली तर रक्तातलं औषध वाढतं, कारण धूर यकृताला ते लवकर मोडायला लावत असतो. (तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही. परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही.) आणि दारू सुटावी म्हणून बायकोने चहातून डायसल्फिरम दिल्याचं कळलं तर गप्प बसू नका. न सांगता दिलेल्या त्या गोळीवर त्याने दारू प्यायली तर जीव जाऊ शकतो.

हे सगळं माहीत झालं की एक खाज सुटते: सल्ला द्यायची. ती आवरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १०६ वं कलम स्पष्ट आहे, आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राबाहेरचं औषध वा उपचार सुचवायचा नाही. त्या कायद्यातल्या ‘व्यावसायिक’ या व्याख्येत नुसते एम. ए. झालेले समुपदेशक बसतही नाहीत. पण नोंदणीकृत चिकित्सा मानसतज्ज्ञालाही जे करता येत नाही, ते आपण कुठल्या तोंडाने करणार? याची दुसरी बाजूही सांभाळा. ‘गोळ्यांशिवाय बरं व्हायला हवं’ असं आपण तोंडाने म्हणत नाही, पण गोळी सोडल्याचं ऐकून चेहरा उजळला तरी क्लायंटला ते ऐकू जातं.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला शिका, क्लायंटची परवानगी घेऊन. निदान लिहू नका, आजाराचा इतिहास लिहू नका. त्यांच्याकडे तो आहे. वर सांगितलेल्या, चपला वाजत राहायच्या त्या मुलाची माझी चिठ्ठी साधारण अशी होती: ‘गेले दहा दिवस पाच मिनिटंही बसवत नाही, पाय सतत हलतात. रिस्पेरिडोन २ वरून ४ केल्यावर तिसऱ्या दिवशी सुरू झालं असं आई सांगते. झोप तीन तास. काल “असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं” म्हणाला, योजना नाही. पुढची तारीख २४ आहे, त्याआधी बघाल का?’ डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. त्याआधी मी त्यांना दोन-दोन पानी अहवाल पाठवायचे, ते कुणी वाचत नव्हतं.

आपलं हे काम काही मोठं नाही असं वाटत असेल तर गोव्यातला ‘मानस’ प्रयोग बघा, ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली आला होता. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत बसवले. बोलण्याच्या उपचारांबरोबरच रुग्ण गोळ्या नीट घेतोय ना हे बघणंही त्यांच्याकडे होतं. तिथल्या रुग्णांत सुधारणा जास्त दिसली.

तर तुमच्या बाई. त्यांना ‘बंद करू नका’ एवढंच म्हणून विषय संपवू नका, कारण मग त्या घरी जाऊन बंद करतील आणि तुम्हाला सांगणार नाहीत. आधी विचारा, ‘का बंद कराव्याशा वाटतात?’ वजन, झोप, नवऱ्याशी संबंध, जावेने काढलेला टोमणा, महिन्याचा खर्च, काहीही निघेल. खर्च निघाला तर जिल्हा रुग्णालयात ही औषधं मोफत मिळतात का त्याची चौकशी करून द्या. मग म्हणा, ‘गोळ्या जन्मभर असं कुणी म्हटलेलं नाही. पण पहिल्यांदा नैराश्य आलं असेल तर बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. दोन्ही गोळ्यांचं उतरवणं वेगळं असतं. तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण आत्ताच कागदावर लिहू.’ आणि पुढच्या वेळी गोळ्यांची पाकिटं घेऊन यायला सांगा. सगळी, आयुर्वेदिक आणि गुडघ्याचीसुद्धा. किती गोळ्या उरल्यात ते तुम्हीच मोजा. माझा अंदाज आहे, एक पाकीट आधीच बंद झालेलं असेल.