‘कायद्याचे राज्य’ आणि चीन: षष्ठी की तृतीया?

एका वाचकाने विचारले आहे: चीनची दिवाणी संहिता १ जानेवारी २०२१ ला लागू झाली, त्याबद्दल लिहिताना कुणी ‘चीन कायद्याच्या राज्याकडे’ म्हणतो, कुणी ‘कायद्याने राज्य’ म्हणतो. अर्थ एकच ना? आणि दोन्हींपेक्षा ‘विधिराज्य’ हा सुटसुटीत शब्द का वापरू नये?

अर्थ एकच नाही, आणि ही सरमिसळ ऐकून ऐकून कान किटले आहेत. मराठीत ‘राज्य’ शब्दाआधी षष्ठी आली की राज्य करणारा कोण ते कळते: पेशव्यांचे राज्य, इंग्रजांचे राज्य. ‘कायद्याचे राज्य’ म्हणजे गादीवर कायदा. मंत्री, न्यायाधीश, फौजदार सगळे त्याचे ताबेदार. ‘कायद्याने’ ही करणार्थी तृतीया. सुरीने भाजी चिरतात तेव्हा सुरी कुणाच्या तरी हातात असते, तसे ‘कायद्याने राज्य’ म्हटले की राज्य करणारा दुसराच कुणीतरी असतो. ‘विधिराज्य’वाले नेमके हेच झाकतात. तत्पुरुषात विभक्ती लोपते. विग्रह ‘विधीचे राज्य’ करा नाहीतर ‘विधीने राज्य’, शब्द तोच राहतो. जो फरक दाखवायचा तोच गिळून टाकणारा शब्द परिभाषा म्हणून सुचवणाऱ्यांनी समासाचे प्रकरण पुन्हा उघडावे.

चिनी भाषेत तर विभक्ती प्रत्यय नाहीतच, त्यामुळे तिथला शब्द कायम असाच मुका समास असतो. उच्चार साधारण ‘फाजि’. गंमत अशी की ‘फाजि’ दोन आहेत, सूरही अगदी सारखे. एकाचा अर्थ कायद्यांची व्यवस्था, दुसऱ्याचा कायद्याने किंवा कायद्याचे शासन. फरक फक्त डोळ्यांना दिसतो: पहिल्यातल्या ‘जि’ला उजवीकडे सुरीची खूण आहे, दुसऱ्याला डावीकडे पाण्याचे तीन थेंब. म्हणून तिथले विधिज्ञ बोलताना ‘सुरीवाला जि’ आणि ‘पाणीवाला जि’ असे सांगून मग पुढे जातात. ली बूयुन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९७९ पासून पाणीवाल्यासाठी आग्रह धरला. मार्च १९९६ मध्ये राष्ट्रीय लोकसभेच्या, म्हणजे चीनच्या संसदेच्या, कागदांत सुरीच होती. सप्टेंबर १९९७ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पंधराव्या महाअधिवेशनात पाणी आले, १९९९ मध्ये घटनेच्या पाचव्या कलमात गेले, आणि सरनाम्यात उरलेली सुरी २०१८ च्या दुरुस्तीने काढली. एका अक्षराला एवढी वर्षे लागली!

पण खरा खजिना ‘जि’मध्ये नाही, ‘फा’मध्ये आहे. आज ‘फा’ म्हणजे कायदा. लिहायला पाणी आणि शेजारी ‘जाणे’. जुने अक्षर मात्र चांगलेच गजबजलेले होते. त्यात एक जनावरही होते. शिएजि नावाचा हा एकशिंगी प्राणी खटल्यात खोट्या पक्षाला शिंग मारून हाकलतो, अशी समजूत. हान राजघराण्याच्या काळात न्यायाशी संबंधित अधिकारी त्याच्या नावाची टोपी घालत, आणि शेवटच्या छिंग राजघराण्याच्या काळात दोषशोधक अधिकाऱ्यांच्या छातीवर त्याचेच भरतकाम असे. इ. स. १०० च्या सुमाराला शू शन या कोशकाराने फोड दिली: पाण्यासारखे समतल म्हणून पाणी, वाकड्याला शिंग मारणारा म्हणून प्राणी, त्याला घालवणे म्हणून ‘जाणे’. ही फोड प्रत्येक व्याख्यानात उगाळली जाते, आणि मला तिच्यातले ‘समतल’ अजिबात पटत नाही. चीनमधल्याच काही विधी-इतिहासकारांनी म्हटले आहे की समतेचा अर्थ मागाहून चिकटवलेला आहे, आणि पाणी म्हणजे गुन्हेगाराला नदीपार घालवणे. मी त्यांच्या बाजूचा आहे.

माझा आधार कांस्याच्या भांड्यात आहे. शू शनच्या सुमारे हजार वर्षे आधीच्या पश्चिम झोऊ काळातले ‘दा यू दिंग’ हे तिपाई पात्र बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावरच्या लेखात राजा यू नावाच्या सरदाराला बजावतो, माझी आज्ञा टाकून देऊ नकोस. हे ‘टाकून देणे’ लिहिले आहे नेमक्या त्याच अक्षराने, जे पुढे ‘कायदा’ झाले! पंडित म्हणतात, हा नुसता उसना वापर, उच्चार जवळचा म्हणून अक्षर घेतले. ही फार सोयीची पळवाट आहे. पाणी, हाकलणारे जनावर, ‘जाणे’ हे तिन्ही घटक एकाच दिशेला बोट दाखवत असताना ‘टाकणे’ हा अर्थ योगायोग कसा? माझ्या मते ‘फा’चा जन्मच ‘बाहेर काढणे’ या क्रियेतून झाला. क्रियेला कर्ता लागतो, साधन लागते. पुढे हान फेइ या प्राचीन विचारवंताने कायद्याला आणि राज्यतंत्राला राजाची साधने म्हटले, ते या अक्षराच्या स्वभावाला धरूनच. साधन म्हणजे तृतीया!

आता प्रश्नाकडे. पक्षाची घोषणा ‘यीफा जिग्वो’ आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘कायद्याला धरून देश चालवणे’. देश कोण चालवतो ते घोषणेत नाही, पण जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे प्रमुख चोऊ छियांग यांनी न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याची कल्पना जाहीरपणे नाकारली, तेव्हा कर्ता उघड झाला: पक्ष. दुसरीकडे १९८९ च्या प्रशासकीय खटल्यांच्या कायद्याने सामान्य माणसाला सरकारी कार्यालयावर दावा लावता येऊ लागला. २००३ मध्ये ग्वांगजौत कोठडीत एका तरुणाचा जीव गेल्यावर विधिज्ञांनी घटनेचा आधार घेऊन अर्ज केला आणि बाहेरगावच्यांना पकडून ठेवण्याचा नियम काही महिन्यांत रद्द झाला. २०१३ च्या अखेरीस खटल्याविना श्रमशिबिरात पाठवण्याची पद्धतही संपली. अशा ठिकाणी षष्ठीची मागणी तिथल्याच नागरिकांनी केली आहे, हे विसरू नये. अशी मागणी करणाऱ्या अनेक वकिलांना जुलै २०१५ मध्ये पकडले गेले, हेही लिहावे.

म्हणून घोषणेचे भाषांतर ‘कायद्याच्या आधारे राज्यकारभार’ करावे. ‘कायद्याचे राज्य’ हे शब्द त्या अर्जदारांच्या आणि ली बूयुन यांच्या मागणीसाठी ठेवावेत, आणि बातमीत ते आले तर कुणाच्या तोंडचे आहेत ते सोबत लिहावे.