साडेचार फुटी रेलला गवसणी कुठली घालायची?

(वाचकांचे प्रश्न, यावेळी सगळे एकाच विषयावरचे)

मागच्या अंकात ट्रॅक सॉवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीवर (रेलवर) सरकत सरळ कापणाऱ्या करवतीवर लिहिलं होतं, वाटलं लोक ब्लेडबद्दल विचारतील, तर निम्म्याहून जास्त पत्रं आली ती रेल न्यायची कशी यावर. म्हणजे पाच-सहा फूट प्लाय कापण्यापेक्षा ती पट्टी साइटवर धड पोचवणं अवघड आहे हे सगळ्यांच्याच लक्षात आलंय. तर घ्या.

प्रश्न : दादा नमस्कार. मकिताचा ट्रॅक सॉ घेतलाय, १४०० मिमीच्या दोन रेल आहेत. आत्तापर्यंत बबल शीटमध्ये गुंडाळून टेप मारून नेत होतो, पण रोज टेप फाडा रोज नवीन लावा, पोरं वैतागली. कंपनीची पिशवी महाग वाटते, ऑनलाइन स्वस्तातल्या पण दिसतात, आणि एक मित्र म्हणतो पीव्हीसी पाइपात घाल विषय संपला. कधी टेम्पो असतो कधी बाईक. काय करू?
(किचनची कामं घेणारा वाचक, पुणे)

उत्तर : आधी मित्राचा पाइप बाजूला ठेवू. रेलची रुंदी साधारण साडेसात इंच असते, म्हणजे चार इंची पाइपात ती जाणारच नाही, आठ इंची पाइप लागेल. तो घेऊन बाईकवर निघालात तर लोकांना वाटेल ड्रेनेजचं काम घेतलंय.

आता मुद्द्याचं. रेलचं नुकसान कुठे होतं ते बघा म्हणजे पिशवीत काय पाहिजे ते आपोआप कळतं. मधल्या भागाला सहसा काही होत नाही. मार बसतो तो दोन टोकांना, आणि फाटते ती कडेची रबरी पट्टी, जिच्यामुळे मायका उडत नाही ती. टोक जरा जरी चेपलं तरी दोन रेल जोडणारी जोडपट्टी खाचेत शिरत नाही, किंवा शिरली तरी दोन रेल एका रेषेत बसत नाहीत आणि मग आठ फुटाच्या कापाला मधोमध पायरी दिसते. प्लाय २४४० मिमी, दोन रेल जोडून २८००, म्हणजे उरतात ३६०, दोन्हीकडे १८० - १८० सॉ टेकवायला आणि बाहेर काढायला. हे सगळं गणित त्या जोडावर उभं आहे आणि जोड टोकांवर. म्हणून पिशवी घेताना मधला फोम जाड आहे का हे दाबून बघू नका, टोकं दाबून बघा. बऱ्याच स्वस्त पिशव्यांत अंगभर पाच मिमीचा फोम असतो आणि टोकाला नुसती शिलाई. तीच शिलाई आधी फाटते, कारण उभी पिशवी जमिनीवर टेकवली की सगळं वजन ॲल्युमिनियमच्या धारेवर येतं.

दुसरी गोष्ट, आणि ही फार कोणी बघत नाही, चेन कुठे आहे. टोकाला तोंड असलेली पिशवी असेल तर रेल आत ढकलावी लागते, आणि ढकलताना रबरी पट्टी कापडाला घासत जाते, कोपऱ्यात अडकते, दोन-तीन महिन्यांत टोकाकडून सुटायला लागते. लांब बाजूने उघडणारी पाहिजे, पूर्ण लांबी आणि शिवाय एक आखूड बाजू, म्हणजे पिशवी पुस्तकासारखी उघडली, रेल ठेवली, बंद. आत दोन रेलच्या मध्ये कापडाचा पडदा पाहिजेच. नसेल तर जुनी चादर घाला पण ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम ठेवू नका, आणि एका रेलची रबरी पट्टी डावीकडे तर दुसरीची उजवीकडे असं ठेवा.

कंपनीच्या पिशव्या चांगल्याच असतात, फक्त माप बघून घ्या. फेस्टूलची पिशवी १४०० पर्यंतच्या रेलसाठी आहे, मकिताची १५०० पर्यंत, बॉशची १६०० पर्यंत, कारण बॉशची १६०० ची रेल असते. म्हणजे बॉशची १६०० वाली रेल घेऊन फेस्टूलची पिशवी आणलीत तर आठ इंच बाहेर. उलटं केलंत तर चालेल, पण आत रेल मागेपुढे सरकणार आणि टोकावर आपटणार, मग रिकाम्या जागेत फोमचा ठोकळा घाला. अजून एक, जोडपट्टी रेलमध्येच ठेवून पिशवी बंद करायला जाऊ नका. ती काढा, वेगळ्या कप्प्यात ठेवा, सोबत तिचे स्क्रू आवळायची षटकोनी चावी, एलन की. आणि क्लॅम्प त्याच कप्प्यात नको! लोखंडी क्लॅम्प रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला रेलवर हातोडा मारतो, आणि खड्ड्यांबद्दल पुणेकराला मी काय सांगू.

राहिली बाईक. दोन रेल, जोडपट्ट्या, पिशवी धरून पाच किलोच्या आसपास होतं, वजन काहीच नाही, पण पाठीवर तिरकी लावली की वरचं टोक हेल्मेटच्या वर फूटभर जातं आणि हे आपल्या लक्षात राहत नाही. मी स्वतः एका सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उतरताना बीमला थडकवली होती. माणूस खाली, गाडी आडवी, वॉचमन हसतोय, आणि मी आधी रेल बघतोय. टोक चेपलं होतं, अर्धा तास कानस मारून खाच मोकळी केली. त्या दिवसापासून रेल टेम्पोनेच, टेम्पो नसेल तर रिक्षा करतो, त्या भाड्याची मला आता लाज वाटत नाही.

रेल कधी आपटलीच तर वापरायच्या आधी सरळ आहे का बघून घ्या. प्लायवर ठेवून मागच्या धारेने बारीक शिसपेन्सिलीची रेघ मारा, मग रेल जागेवरच अर्धी फिरवा, म्हणजे डावं टोक उजवीकडे, आणि तीच धार त्याच रेघेला दुसऱ्या बाजूने लावून परत रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर प्रश्न नाही, मध्ये फट दिसली तर वाक त्या फटीच्या निम्मा आहे.

प्रश्न : मी सुतारकाम करतो, घर मिरजेत आहे. आमच्या घरी वाद्यांच्या गवसण्या शिवायचं काम चालतं, मशीन आहे, कापड आहे, बायकोचा हात बसलेला आहे. मग पिशवी विकत कशाला घ्यायची असं ती म्हणते. माप आणि कापड सांगा.
(एक वाचक, मिरज)

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, विकत अजिबात घेऊ नका. मला तर हे पत्र वाचून इतका आनंद झाला, कारण तानपुरा आणि गाइड रेल यांचं दुखणं सारखंच आहे, लांब, टोकाला नाजूक, आणि नेणारा माणूस नेहमी घाईत. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यांच्या गवसण्या शिवणाऱ्या हातांना साडेचार फुटाचं काय कौतुक. फक्त भोपळ्याचा घेर विसरा, इथे सगळं सपाट आहे.

आतली लांबी रेलपेक्षा सहा-सात सेंटिमीटर जास्त धरा, त्यातले दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर फोमच्या गादीत जातील आणि बाकी हाताला मोकळीक. रुंदी रेलपेक्षा चार सेंटिमीटर जास्त. ही मापं आपली आपण घ्या, रबरी पट्टीसकट मोजा, कागदावर छापलेलं माप पट्टीशिवायचं असू शकतं. कापड म्हणाल तर बॅगवाले ज्याला मॅटी म्हणतात ते चालेल, त्याहून बरा जाड कॅनव्हास. रेक्झिन दिसायला झकास पण दोन उन्हाळ्यांत सोलवटतं आणि आत घाम धरतं, ते फक्त टोकांना बाहेरून ठिगळासारखं लावा, जिथे जमिनीला टेकतं तिथे. आत फोम म्हणून जुनी योगा मॅट कापून घातली तरी चालते, मी घातलीय. गादी कापडाच्या दोन थरांमध्ये शिवायची, नुसती चिकटवायची नाही, उन्हात गोंद सुटतो आणि मग फोम गोळा होऊन एका कोपऱ्यात जातो.

चेन दहा नंबरची, रनर दोन, म्हणजे मधून उघडता येईल. रनर बंद झाल्यावर जिथे थांबतो तिथे आत कापडाची जीभ ठेवा, नाहीतर धातूचा रनर रेलवर रेघा ओढतो. पट्टा नुसता वरच्या कडेला शिवू नका. तानपुऱ्याच्या गवसणीला सुद्धा जुने लोक पट्टा खालून फिरवून घेतात ना, तसंच, पट्टा पिशवीच्या पोटाखालून पूर्ण वळसा घालून यायला हवा म्हणजे वजन शिलाईवर न येता पट्ट्यावर येतं. हातात धरायच्या मुठी दोन, मध्यापासून सारख्या अंतरावर, कारण जिन्यात वळताना एका मुठीवर ती भोवऱ्यासारखी फिरते आणि नव्या रंगाच्या भिंतीला लागते. मग रंगाऱ्याशी भांडण. खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेलं भोक, मारून घ्या, का ते पुढच्या उत्तरात आहे.

आणि एक शिवून झाली की गावातल्या बाकी सुतारांना दाखवा, मला वाटतं वहिनींना अजून चार ऑर्डर मिळतील.

प्रश्न : पावसाळ्यात रेल पिशवीत ठेवली होती, गणपतीनंतर काढली तर पांढरे डाग, पावडर आल्यासारखी, आणि पिशवीला बुरशीचा वास. ॲल्युमिनियम गंजत नाही ना? मग हे काय?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, पण ओल धरून राहिली तर पांढरी पूड धरतं, तेच ते. आणि माझी शंका वेगळी आहे, तुमची रेल शेवटच्या साइटवर ओल्या सिमेंटजवळ किंवा पुट्टीजवळ होती का? सिमेंट, चुना, पुट्टी हे सगळं अल्कली आहे आणि अल्कली ॲल्युमिनियमच्या वरचा थर खातं. त्यात कोकणातला पाऊस म्हणजे पिशवीच्या आत दोन महिने तेच मुरत बसलं. आपल्याकडे गवंडी, पीओपीवाला आणि सुतार एकाच खोलीत काम करतात, त्यामुळे हे डाग आपल्या नशिबी जास्त.

पिशवी पाणी आत येऊ देत नाही तशीच ओल बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून तर आयलेट सांगितले. काम संपलं की रेल ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने, मगच आत. खालच्या काळ्या न घसरणाऱ्या पट्ट्यापण पुसा, त्यावर भुसा बसला की रेल सरकते आणि आपण सॉला शिव्या देतो. जून ते सप्टेंबर घरी असताना रेल पिशवीत ठेवूच नका, भिंतीवर टांगा, टोकाला भोक असेल तर खिळ्याला, नसेल तर पलंगाखाली सपाट. पिशवी वेगळी, उघडी, वाळत. जोडपट्ट्या आणि त्यांचे स्क्रू मात्र लोखंडी असतील तर त्यांना तेलाचं बोट.

डाग हलक्या हाताने पुसा, पॉलिश पेपर नको. सॉ सरकायला जड वाटला तर वरून मेणबत्ती घासा आणि कोरड्या फडक्याने चोळा. सिलिकॉन स्प्रे मारू नका, तो हाताला लागतो, हातावरून लाकडाला, आणि पॉलिश करताना तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग कोणाला कळणारही नाही की गुन्हेगार पिशवीत होता.

प्रश्न : ३ मीटरची सलग रेल घेतोय, जोडाची कटकट नको. तिला पिशवी मिळेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : पिशवीचं सोडा, तुमच्या साइटच्या लिफ्टमध्ये ती उभी मावते का ते आधी बघा. नाही मावणार. म्हणजे बाराव्या मजल्यापर्यंत जिना, आणि प्रत्येक वळणावर दोन माणसं. वर्कशॉपमध्ये भिंतीवर राहणार असेल तर जरूर घ्या, जोड नसलेल्या कापाची मजा वेगळीच. साइटसाठी दोन १४०० च बऱ्या. तरीही घेतलीच तर कापडी पिशवीवर विसंबू नका, एवढ्या लांबीला ती मध्ये लचकते. प्लायच्या साडेनऊ इंची पट्टीवर रेल ठेवा, प्लाय दोन्हीकडे इंचभर बाहेर, तीन ठिकाणी वेल्क्रोचे पट्टे, टोकांना लाकडाचे ठोकळे. वेल्क्रो आणि पट्टे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतील, शिवून घ्यायचंच असेल तर धारावीत बॅगवाल्याला ठोकळ्यासकट नमुना दाखवा, तोंडी माप सांगू नका.

प्रश्न : मी टोरांटोजवळ राहतो, हौशी आहे, शनिवार-रविवारचा सुतार. इथे स्नोबोर्डच्या जुन्या बॅगा स्वस्तात मिळतात. चालेल?
(एक वाचक, कॅनडा)

उत्तर : पळेल! १५०-१६० सेंटिमीटरची बॅग घ्या, १४०० ची रेल आरामात बसते. पण स्नोबोर्ड रेलपेक्षा रुंद, त्यामुळे आत रेल डोलणार, बाजूला फोमची लांब पट्टी भरा. आणि आधी कोणी बर्फातून आणून तशीच मिटून ठेवलेली असेल तर आतून नाक लावून बघा, वास आला तर दुसरी शोधा.